आपला तो बाब्या, त्यांचा तो डर्टी!

अमेरिकन फुटबॉलच्या फॅन्सचे मुख्य वाद दोनच. समोरच्याने आमच्या माणसाला मुद्दाम पाडलं का? आणि आता आमच्या प्लेऑफचं काय? वरवर वेगळे वाटणारे हे दोन वाद आतून पार एकमेकांत अडकलेले आहेत. आणि त्या गुंत्यात माणसांची डोकी सापडतात. अगदी शब्दशः!

सोमवार संध्याकाळ, साडेसातचा कॉल. हिंजवडी असो, ऐरोली असो नाहीतर पवई, हेडफोन लावून आपण तयार. पलीकडे विस्कॉन्सिनमधला किंवा मिनेसोटातला क्लायंट. एरवी वीकेंडची आवर्जून चौकशी करणारा हा भला माणूस आज एकदम गप्प. डेडलाइन हुकली? बिल अडकलं? छे हो! रविवारी त्याच्या टीमविरुद्ध एक पिवळा रुमाल पडला, मॅच गेली आणि मॅचबरोबर जानेवारीही गेला.

'जानेवारी गेला' म्हणजे नेमकं काय गेलं, हे कळायला एनएफएल कळायला हवी. एनएफएल म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. सप्टेंबरमध्ये सुरू होते, लीगचे सामने जानेवारीच्या सुरुवातीला संपतात, मग प्लेऑफ आणि फेब्रुवारीत सुपर बोल. या पाच महिन्यांत अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये एक खास जमात उगवते. तिला तिकडे 'मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक' म्हणतात. रविवारी सोफ्यावर लोळून मॅच बघायची आणि सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी उभं राहून कोचला अक्कल शिकवायची! आपल्याकडच्या कट्ट्यावरच्या सिलेक्टरांचे हे सख्खे मावसभाऊ.

त्यांची भांडणं बघायला मजा येते. पण जरा नीट ऐकलंत तर त्यात एक बोचणारा प्रश्नही आहे. आपली टीम जिंकावी म्हणून समोरच्या माणसाला किती लागलेलं आपल्याला चालतं?

सतराच मॅचेस, बॉस!

आधी थोडं बेसिक. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा नवे चार प्रयत्न. या सगळ्याचा सूत्रधार क्वार्टरबॅक. तो मागे उभा राहून पास कुणाला द्यायचा ते शोधतो, आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर धावून येत असतात. कबड्डीत रेडरवर सगळे तुटून पडतात ना, तसंच. फक्त इथे अंगावर येणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं. हे हेल्मेट संरक्षण म्हणून आलं, पण हत्यार म्हणूनही वापरलं गेलं.

नियम मोडला की रेफ्री पिवळा रुमाल फेकतो. हाच तो 'फ्लॅग'. पास टाकून झाल्यावर क्वार्टरबॅकला पाडलं, किंवा बेकायदा रीतीने पाडलं, तर त्याला म्हणतात 'रफिंग द पासर'. शिक्षा पंधरा यार्डांची, शिवाय समोरच्यांना आपोआप नवे चार प्रयत्न. म्हणजे मॅच हातात आलीय म्हणून तुम्ही नाचायला लागलेले असता आणि एका रुमालाने सगळं पहिल्यापासून!

आता यात गणित आणा. बास्केटबॉलच्या एनबीएत टीमला ८२ सामने मिळतात. बेसबॉलमध्ये १६२. एनएफएलमध्ये? २०२१ पासून १७, त्याआधी तर १६च होते. म्हणजे एक मॅच गेली की सीझनचा जवळजवळ सहा टक्के भाग गेला. एकूण टीम्स ३२, प्लेऑफमध्ये जाणार १४. त्यातही प्लेऑफ म्हणजे एकच मॅच. हरलात की बॅग भरा आणि घरी जा. बेस्ट ऑफ सेव्हन वगैरे लाड नाहीत.

त्यामुळे इथे प्रत्येक रुमालाची किंमत भयंकर. एका चुकीच्या फ्लॅगमुळे अख्खं वर्ष फुकट गेलं असं फॅनला वाटतं तेव्हा तो अगदीच अतिशयोक्ती करत नसतो.

(चौकट)
कॉलआधीची उजळणी

डिव्हिजन : एएफसी आणि एनएफसी अशा दोन कॉन्फरन्स. प्रत्येकीत चार डिव्हिजन, प्रत्येक डिव्हिजनमध्ये चार टीम्स.

वाइल्ड कार्ड : चार डिव्हिजनचे चार विजेते थेट आत. उरलेल्यांतले बेस्ट तीन वाइल्ड कार्डने. कॉन्फरन्समधून एकूण सात. ही पद्धत २०२०च्या सीझनपासूनची.

बाय : पहिल्या नंबरच्या टीमला प्लेऑफच्या पहिल्या राउंडला सुट्टी. फक्त एकीलाच! म्हणून पहिल्या नंबरसाठी एवढी मारामारी.

टायब्रेकर : रेकॉर्ड सारखं असेल तर आपसातली मॅच कोण जिंकलं, मग डिव्हिजनमधला, कॉन्फरन्समधला हिशेब... यादी लांबलचक आहे. अगदी शेवटचा उपाय नाणेफेक!

आपली वेळ : थंडीच्या दिवसांत त्यांच्या पूर्व किनाऱ्यावरची रविवार दुपारची एकची मॅच आपल्याकडे रात्री साडेअकराला. तिथल्या रविवार रात्रीची मॅच आपल्याकडे सोमवारी सकाळी सातच्या सुमाराला, म्हणजे डब्याच्या घाईत.

एक कॉलरबोन, दोन राज्यं

विस्कॉन्सिनची ग्रीन बे पॅकर्स आणि शेजारच्या राज्यातली मिनेसोटा व्हायकिंग्ज. एकाच डिव्हिजनमधले जुने वैरी. वर्षातून दोनदा हमखास गाठ पडते.

१५ ऑक्टोबर २०१७, मिनिआपोलिस. पॅकर्सचा क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्सने पास टाकला आणि पाठोपाठ व्हायकिंग्जच्या अँथनी बारने त्याला जमिनीवर आपटलं. बारचं सगळं वजन अंगावर आलं आणि रॉजर्सची कॉलरबोन तुटली. फ्लॅग पडला नाही. तोपर्यंत चार जिंकून एकच हरलेली पॅकर्स तिथून घसरली ती ७-९वर जाऊन थांबली. २००८नंतर पहिल्यांदाच ती प्लेऑफच्या बाहेर राहिली. व्हायकिंग्ज? १३-३, आणि थेट एनएफसीच्या फायनलला.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नकोच. विस्कॉन्सिनमध्ये हा हिट 'डर्टी' ठरला, मिनेसोटात 'क्लीन'. पॅकर्सवाल्यांचा मुद्दा होता की बॉल हातातून गेल्यावर माणसावर अंग टाकायची गरजच काय? व्हायकिंग्जवाले म्हणत होते, हे फुटबॉल आहे राव, भोंडला नाही!

२०१८च्या सीझनला लीगने रेफ्रींना बजावलं की क्वार्टरबॅकवर पूर्ण वजन टाकून पडलात तर फ्लॅग. रॉजर्सच्या कॉलरबोनचीच ही पुण्याई, असं सगळे धरून चालले. विस्कॉन्सिन खूश.

आणि मग आला १६ सप्टेंबर २०१८. स्थळ ग्रीन बेचं लॅम्बो फील्ड. समोर पुन्हा व्हायकिंग्ज. शेवटची दोनेक मिनिटं, पॅकर्स पुढे. व्हायकिंग्जच्या कर्क कझिन्सचा पास पॅकर्सच्या जायर अलेक्झांडरने मधेच पकडला. खेळ खल्लास! स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं... आणि रुमाल पडलेला दिसला. पॅकर्सच्याच क्ले मॅथ्यूजने कझिन्सला पाडताना नियम मोडला होता, असं रेफ्रीचं म्हणणं. बॉल परत व्हायकिंग्जकडे. त्यांनी स्कोअर बरोबरीत आणला. ओव्हरटाइमनंतरही २९-२९.

आता बाजू पलटल्या. कालपर्यंत क्वार्टरबॅकला जपा म्हणणारे पॅकर्सवाले विचारायला लागले की मग पाडायचं तरी कसं, उशी घेऊन? आणि 'हे फुटबॉल आहे राव' म्हणणाऱ्या मिनेसोटाला एकाएकी नियमांचं महत्त्व पटलं. ११ महिन्यांत दोन राज्यांनी आपापली मतं एकमेकांना देऊन टाकली, पॅकिंगसकट!

यातला खरा ट्विस्ट पुढे आहे. त्या वर्षी पॅकर्स ६-९-१वर संपली. तो फ्लॅग पडला नसता तरी ७-९, म्हणजे बाहेरच. व्हायकिंग्ज ८-७-१, आणि ९-७वाली फिलाडेल्फिया ईगल्स आत गेली. पण त्या लॅम्बो फील्डवरच्या मॅचमध्ये व्हायकिंग्जचा नवखा किकर डॅनिएल कार्लसनने तीन फील्ड गोल हुकवले होते, त्यातले दोन ओव्हरटाइममध्ये. एक जरी आत गेला असता तर व्हायकिंग्जही ९-७. आणि ईगल्सना त्यांनी त्याच सीझनमध्ये हरवलेलं असल्यामुळे टायब्रेकर त्यांच्या बाजूने. म्हणजे सगळा सीझन ज्या फ्लॅगवरून भांडण पेटलं त्याने प्लेऑफचं चित्र कणभरही बदललं नाही. बदललं ते एका हुकलेल्या किकने! पण किकवर किती दिवस भांडणार? फ्लॅगमध्ये निदान व्हिलन तरी सापडतो.

ते बघत होते ती मॅच एकच होती का?

फॅन्स खोटं बोलतात असं मात्र समजू नका. त्यांना खरोखरच तसं दिसतं. याचा एक गाजलेला पुरावा आहे. तो प्रोफेशनल नाही, कॉलेज फुटबॉलमधला आहे आणि चांगला जुना आहे. नोव्हेंबर १९५१मध्ये न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनमध्ये, म्हणजे आपल्या मराठी मंडळींच्या एडिसनपासून फार लांब नाही, प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांची मॅच झाली. प्रचंड धसमुसळी. प्रिन्स्टनच्या स्टार खेळाडूचं नाक फुटलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. मग अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच मॅचची फिल्म दाखवली आणि नियम कुठे मोडले ते मोजायला सांगितलं.

फिल्म एक, मॅच एक. पण डार्टमथने केलेले फाउल प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले ते डार्टमथच्या पोरांना दिसले त्यापेक्षा दुपटीहून जास्त! १९५४मध्ये हा अभ्यास छापून आला आणि आजही मानसशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. आपल्याकडे यासाठी अभ्यासाची गरज पडली नसती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे कुठलीही आजी सांगेल.

न्यू ऑर्लिन्सचे दोन जानेवारी

बाब्या-कार्ट्याचा हा खेळ एका शहराने दोन टोकांनी अनुभवलाय. न्यू ऑर्लिन्स. टीमचं नाव सेंट्स, म्हणजे संतमंडळी!

पहिला जानेवारी २०१०चा. एनएफसीची फायनल, समोर व्हायकिंग्ज. त्यांचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व तेव्हा चाळिशीचा होता. सेंट्सच्या डिफेन्सने त्याला मॅचभर इतकं तुडवलं की शेवटाकडे तो लंगडत होता. सेंट्स ओव्हरटाइममध्ये ३१-२८ने जिंकले आणि पुढे सुपर बोलही घेऊन आले. कॅटरिना चक्रीवादळाने २००५मध्ये उद्ध्वस्त झालेल्या शहरासाठी तो कप म्हणजे दिवाळी होती. फार्वला लागलं त्याचं काय? प्लेऑफ आहे, एवढं चालायचंच!

मार्च २०१२मध्ये एनएफएलने चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला आणि सगळे हादरले. २००९ ते २०११ या तीन सीझन्समध्ये सेंट्सच्या डिफेन्समध्ये बक्षिसांचा फंड चालत होता. लीगच्या म्हणण्यानुसार, समोरचा खेळाडू मॅचमधून बाद झाला तर १५०० डॉलर आणि त्याला मैदानाबाहेर न्यावं लागलं तर १०००. आणि प्लेऑफमध्ये हे रेट दुप्पट-तिप्पट! हेड कोच शॉन पेटनला २०१२चा पूर्ण सीझन घरी बसवण्यात आलं, टीमला पाच लाख डॉलरचा दंड झाला. चार खेळाडूंनाही निलंबित केलं होतं, पण डिसेंबर २०१२मध्ये अपिलात माजी कमिशनर पॉल टॅग्लिआबू यांनी त्यांच्या शिक्षा रद्द केल्या आणि दोषाचं माप कोचिंग स्टाफच्या पदरात टाकलं.

प्लेऑफमध्ये रेट दुप्पट-तिप्पट, हे जरा पुन्हा वाचा. रफ खेळ आणि प्लेऑफचे चान्सेस हे दोन विषय वेगळे नाहीत, याचं यापेक्षा सरळ रेटकार्ड कुठे मिळणार?

दुसरा जानेवारी २०१९चा. पुन्हा एनएफसीची फायनल, पुन्हा न्यू ऑर्लिन्स, समोर लॉस एंजेलिस रॅम्स. शेवटची काही मिनिटं, स्कोअर २०-२०. सेंट्सचा पास टॉमीली लुईसकडे निघाला आणि बॉल पोचायच्या आतच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन त्याच्यावर जाऊन आदळला. टीव्हीवर बघणाऱ्या शाळकरी पोरालाही फाउल दिसला. रेफ्रींना दिसला नाही! रुमाल खिशातच. रॅम्स ओव्हरटाइममध्ये २६-२३ने जिंकले. नंतर लीगने रोबी-कोलमनला त्याच हिटबद्दल २६,७३९ डॉलरचा दंड केला, म्हणजे फाउल होता हे मान्यच. पण मॅच काही परत मिळाली नाही.

मग शहर पेटलं. फॅन्स कोर्टात गेले. लुइझियानाच्या गव्हर्नरने एनएफएलच्या कमिशनरला पत्र लिहिलं. सुपर बोलच्या दिवशी लोकांनी टीव्ही बंद ठेवून रस्त्यावर पार्टी केली आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या पेपरने पहिलं पान जवळजवळ कोरं छापलं. दबाव असा की लीगने २०१९च्या सीझनसाठी असे निर्णय रिव्ह्यू करायचा नियम आणला. तो इतका फसला की पुढच्या वर्षी गुपचूप गुंडाळला.

न्यू ऑर्लिन्सचा राग खोटा नव्हता. अन्याय झालाच होता. पण नऊ वर्षांपूर्वीच्या जानेवारीत हेच शहर फार्वच्या लंगडण्यावर नाचलं होतं. नियम हवा असतो तो आपला माणूस पडला की.

अडतीस सेकंदांची भानगड

फॅन्सना आकडेमोड किती आवडते ते बघायचं असेल तर ९ जानेवारी २०२२ची रात्र बघा. लीगचा शेवटचा दिवस, लास व्हेगास. घरची रेडर्स विरुद्ध लॉस एंजेलिस चार्जर्स. त्याच दिवशी दुपारी जॅक्सनव्हिल जॅग्वार्स या तळातल्या टीमने इंडियानापोलिस कोल्ट्सना हरवून सगळ्यांचं गणित विस्कटलं होतं. आता परिस्थिती अशी की रेडर्स आणि चार्जर्सची मॅच टाय झाली तर दोघेही प्लेऑफमध्ये, आणि पिट्सबर्ग स्टीलर्स बाहेर. दोघांपैकी कुणी जिंकलं तर जिंकणारा आणि स्टीलर्स आत!

दोघांनी नुसतं उभं राहून वेळ काढला तरी दोघांचं भलं. पण मॅच भन्नाट झाली. ओव्हरटाइम संपत आलं तरी ३२-३२. पिट्सबर्गमध्ये लोकांनी श्वास रोखून धरलेला. ३८ सेकंद राहिलेले असताना चार्जर्सच्या कोचने टाइमआउट घेतला. का घेतला, त्याने रेडर्सचा विचार बदलला का, यावर चार्जर्सचे फॅन्स नंतर किती काळ भांडले ते विचारू नका. रेडर्स आणखी थोडे पुढे सरकले आणि शेवटच्या क्षणी त्यांच्या किकरने ४७ यार्डांवरून बॉल आत घातला. ३५-३२. रेडर्स आणि स्टीलर्स आत, चार्जर्स बाहेर.

तो किकर कोण होता माहितेय? डॅनिएल कार्लसन! लॅम्बो फील्डवर तीन हुकवल्यावर व्हायकिंग्जनी ज्याला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं होतं, तोच. आपल्याकडच्या सिरियलवाल्यांनी हे लिहिलं असतं तर आपण 'काहीही हं' म्हणालो असतो.

फॅन्सच्या वादांची ही झाली गोड बाजू. आकडे, शक्यता, 'ते हरले आणि हे जिंकले तर आपण', सगळं निरुपद्रवी. त्यात फक्त झोप मोडते, हाड नाही.

दुसरा हिशेब

पण याच खेळाचा दुसरा एक हिशेब वर्षानुवर्षं मागे चालू होता आणि तो कुणी मांडत नव्हतं.

पिट्सबर्ग स्टीलर्सला चार सुपर बोल जिंकून देणाऱ्या टीममधला माइक वेबस्टर. टोपणनाव 'आयर्न माइक'. सप्टेंबर २००२मध्ये तो गेला, वय फक्त ५०. शेवटची काही वर्षं स्मरणशक्तीचा आणि वागण्याचा ताळ सुटलेला होता. त्याचं शवविच्छेदन केलं बेनेट ओमालू या मूळच्या नायजेरियन डॉक्टरने. वेबस्टरच्या मेंदूत त्यांना जे सापडलं ते २००५मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं. आजाराचं नाव सीटीई. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला गेलेला मेंदूचा विकार. लीगच्या डॉक्टरांनी तेव्हा हे झिडकारलं. विल स्मिथचा २०१५चा 'कन्कशन' हा सिनेमा याच लढाईवर आहे.

२०१३मध्ये एनएफएलने माजी खेळाडूंशी ७६.५ कोटी डॉलरची तडजोड केली आणि पुढे भरपाईवरची ही मर्यादाही काढावी लागली. २०१७मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी माजी एनएफएल खेळाडूंचे १११ मेंदू तपासले, त्यातल्या ११०मध्ये सीटीई आढळला. आता इथे नीट समजून घ्यायला हवं. हे मेंदू ज्या कुटुंबांनी दान केले त्यातल्या अनेकांना आधीच शंका होती. त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना हा आजार होतो असा याचा अर्थ नाही. पण ११०चा आकडा एकदा वाचला की रविवारची मॅच तशीच बघता येत नाही, हेही खरं.

खेळाडूंनाही हे आकडे दिसत होते. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा ख्रिस बोरलँड पहिलाच सीझन दणक्यात खेळला आणि मार्च २०१५मध्ये २४व्या वर्षी थांबला. डोकं शाबूत असताना बाहेर पडतो, असा त्याचा हिशेब.

अँड्र्यू लकचं थोडं वेगळं होतं. इंडियानापोलिस कोल्ट्सचा लाडका क्वार्टरबॅक. खांदा, बरगड्या, किडनीला इजा, पोटाचे स्नायू, डोक्याला मार... काय काय झालं नव्हतं! २०१७चा अख्खा सीझन बाहेर, २०१८ला परत येऊन टीमला प्लेऑफमध्ये नेलं. २४ ऑगस्ट २०१९ला, सराव सामना चालू असतानाच, तो २९व्या वर्षी रिटायर होतोय ही बातमी फुटली. मॅच संपल्यावर लक मैदानाबाहेर चालत निघाला आणि त्याच्याच स्टेडियममध्ये, त्याच्याच नावाचे शर्ट घातलेल्या गर्दीतून 'बूऽऽ' ऐकू आलं.

का? कारण सीझन दोन आठवड्यांवर होता आणि प्लेऑफचं गणित फिसकटलं होतं. एवढी वर्षं त्याच्या अंगावर पडणाऱ्या प्रत्येक माणसाला शिव्या देणारे हेच लोक. समोरच्याने त्याला मोडलं तर गुन्हा, आणि मोडायच्या आत तो स्वतःहून उठला तर दगा!

ज्या रात्री कुणीच आकडे मांडले नाहीत

२ जानेवारी २०२३, सिनसिनाटी. बफेलो बिल्स विरुद्ध सिनसिनाटी बेंगल्स. एएफसीत पहिला नंबर कुणाचा, यावर या मॅचचा मोठा परिणाम होणार होता. पहिल्याच क्वार्टरमध्ये बिल्सच्या २४ वर्षांच्या डमार हॅमलिनने एक टॅकल केलं. साधं, रोजचं टॅकल. फ्लॅग नाही, डर्टी नाही, काही नाही. तो उठला, उभा राहिला आणि मागच्या मागे कोसळला. हृदय थांबलं होतं.

मैदानावरच त्याला सीपीआर देण्यात आला. भोवती दोन्ही टीम्सचे खेळाडू, कुणी रडतंय, कुणी गुडघ्यावर. स्टेडियममध्ये चिडीचूप. मॅच थांबली ती पुन्हा झालीच नाही. हॅमलिनने लहान मुलांच्या खेळण्यांसाठी कधीतरी २५०० डॉलरचं टार्गेट ठेवून एक निधी सुरू केला होता. काही दिवसांत त्यात ८० लाखांहून जास्त डॉलर जमा झाले. देणाऱ्यांमध्ये बिल्सचे होते तसे बेंगल्सचे होते, कट्टर वैऱ्यांचेही होते.

हॅमलिन वाचला. २०२३च्याच सीझनमध्ये पुन्हा खेळलाही.

आणि गणित? ते फार तर तीन-चार दिवस थांबलं. मॅच रद्द झाल्यामुळे बफेलो आणि सिनसिनाटीचे सामने एकने कमी भरले, मग होम ग्राउंड कुणाला यासाठी लीगने खास तोडगे काढले. एका शक्यतेत चक्क नाणेफेक! बेंगल्सना ते इतकं झोंबलं की पुढच्याच मॅचमध्ये त्यांच्या जो मिक्सनने टचडाउन केल्यावर मैदानात नाणं उडवून दाखवलं. फॅन्सनी टाळ्या वाजवल्या. आयुष्य सुरू झालं होतं.

पुढच्या वर्षीची गोष्ट. १२ सप्टेंबर २०२४, मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक तुआ टॅगोव्हायलोआ बॉल घेऊन धावत आला आणि समोरच्याला डोक्याने धडकला. खाली पडला तेव्हा त्याचे हात विचित्र ताठरले होते. याआधीही, २०२२मध्ये, त्याच्या डोक्याला असा मार बसल्याचं लोकांनी पाहिलं होतं. समोर उभा असलेला बिल्सचा खेळाडू होता डमार हॅमलिन!

त्या आठवड्यात मायामीत दोन वाद एकाच वेळी चालू होते. एकीकडे 'बाबा रे, आता बस कर, पोराबाळांसाठी तरी'. दुसरीकडे 'किती मॅचेस बाहेर? तोवर आपण टिकू का?' तो चार मॅचेस बाहेर बसला, त्यातली एकच डॉल्फिन्सनी जिंकली. तो परत आला. टीम ८-९वर संपली, प्लेऑफ हुकलंच. गंमत म्हणजे, गंमत कसली म्हणा, हे दोन्ही वाद घालणारी माणसं बऱ्याचदा एकच होती.

जर्सी बदलून बघा

नियम आता कडक होत चाललेत. मागून धरून पायांवर अंग टाकायचं 'हिप-ड्रॉप टॅकल' मार्च २०२४मध्ये बंद झालं. त्याच वर्षी धडका कमी व्हाव्यात म्हणून किकऑफची पद्धतही बदलली. प्रत्येक बदलाला फॅन्सची प्रतिक्रिया ठरलेली. गेम सॉफ्ट झाला हो! मग सरळ फ्लॅग फुटबॉलच खेळा ना! (कमरेची पट्टी ओढायची, माणसाला पाडायचं नाही, असा तो प्रकार. चिडवणाऱ्यांना कल्पना नसेल, पण २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खरंच आहे.)

हे सगळे दुष्ट आहेत का? अजिबात नाही. ऑफिसात दिवसभर गोड बोलून थकलेला माणूस रविवारी तीन तास कुणाच्या तरी बाजूने ओरडतो, त्याला ते हवंच असतं. आकडेमोड करा, टायब्रेकर पाठ करा, कोचच्या नावाने खडे फोडा, काही बिघडत नाही. पण हिट क्लीन होता की डर्टी असा वाद पेटला की एक सोपी टेस्ट आहे. मनातल्या मनात दोघांच्या जर्सी बदलायच्या. पाडणारा त्यांचा होता, तो आपला करायचा. पडलेला आपला होता, तो त्यांचा करायचा. आणि मग तोच रिप्ले पुन्हा बघायचा.

मत तसंच राहिलं तर बिनधास्त भांडा. बदललं, तर ते मत हिटबद्दल नव्हतंच, टेबलातल्या नंबरबद्दल होतं. नंबर तर दर सप्टेंबरला शून्यापासून सुरू होतो. पडलेल्या माणसाच्या डोक्यातला हिशेब मात्र मागच्या सीझनवरूनच पुढे चालू राहतो.